चित्रात आणि व्हिडिओत रंग वाहते कसे दाखवावेत?

आपला प्रश्न असा आहे की, पाण्यात सोडलेल्या शाईसारखे रंग एकमेकांत मिसळत वाहताना दाखवायचे आहेत. परंतु फोटोशॉपच्या लिक्विफाय या साधनाने हाताने ढकलले तर स्थिर चित्रात रंगांचा चिखल होतो, आणि व्हिडिओत आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरचा टर्ब्युलंट डिस्प्लेस (चित्र वेडेवाकडे वळवणारा इफेक्ट) लावला तर सगळे जागच्या जागी थरथरत राहते. या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

चिखलाचे कारण सोप्या बेरजेत सापडते. स्क्रीनवरचा शुद्ध निळा म्हणजे लाल 0, हिरवा 0, निळा 255; आणि शुद्ध पिवळा म्हणजे 255, 255, 0. या दोघांची सरासरी काढली की प्रत्येक चॅनेलमध्ये (लाल, हिरवा, निळा) साधारण 128 उरतो, म्हणजे निव्वळ राखाडी. रंगपेटीतल्या निळ्या-पिवळ्यातून हिरवा निघतो ही आपली लहानपणापासूनची सवय येथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे रंगीत चित्र घेऊन ते ढकलणे, फासणे, ब्लर करणे हा मार्गच मी सोडून दिला आहे. मी आधी सगळा आकार आणि सगळी हालचाल कृष्णधवल चित्रात तयार करतो आणि रंग अगदी शेवटी ग्रेडियंट मॅपने, म्हणजे प्रत्येक करड्या छटेला एक रंग नेमून देणाऱ्या साधनाने चढवतो; काळ्याच्या जागी गडद निळा, पांढऱ्याच्या जागी पिवळा आणि मधल्या करड्याच्या जागी मला हवा तो हिरवा किंवा गुलाबी. अशा रीतीने दोन रंगांच्या सीमेवर काय दिसावे हे सॉफ्टवेअरची सरासरी ठरवत नाही, आपण ठरवतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये हेच काम कलरामा हा इफेक्ट अधिक बारकाईने करतो.

कृष्णधवल आकारासाठी फ्रॅक्टल नॉइज, म्हणजे गणिताने तयार होणारा अनियमित करडा नमुना, पुरेसा आहे. या जातीच्या नॉइजचे मूळ केन पर्लिन यांच्या कामात आहे. त्यांनी आपली पद्धत 1985 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1997 मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मात्र मूळ स्थितीत हा नॉइज ढगांसारखा दिसतो, द्रवासारखा नाही. त्याची कॉम्प्लेक्सिटी (बारकाव्याची पातळी) 1 ते 2 इतकी खाली आणावी, म्हणजे बारीक दाणा जाऊन मोठे गुळगुळीत पट्टे उरतात. त्यावर टर्ब्युलंट डिस्प्लेस दोनदा लावावा, पहिल्यांदा मोठ्या साइझचा आणि दुसऱ्यांदा त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. पहिल्याने वळलेली रेषा दुसऱ्याने पुन्हा वळते आणि संगमरवरासारख्या त्या लांबट शिरा उमटतात.

आता थरथरण्याविषयी. इव्होल्यूशनचा, म्हणजे नमुना काळानुसार बदलणारा आकडा फिरवल्याने नॉइज बदलतो खरा, पण कोठे जात नाही. प्रत्येक ठिपका आपल्या मूळ जागेभोवती घुटमळतो, आणि डोळ्याला ते जेलीच्या कंपनासारखे वाटते. हलणे आणि वाहणे यांतला फरक दिशेचा आहे. म्हणून इव्होल्यूशन सेकंदाला 20 ते 30 अंश इतका संथ ठेवून सोबत नॉइजचा ऑफसेट (नमुन्याची जागा) एकाच दिशेने हळूहळू सरकवावा, आणि वरच्या डिस्प्लेसचा ऑफसेट त्याहून किंचित वेगळ्या वेगाने. हे दोन वेग सारखे ठेवले तर सगळे चित्र एका तुकड्यात सरकताना दिसते. ही चूक मी बराच काळ करत होतो. खरोखरीचे द्रव-सिम्युलेशन हा वेगळा रस्ता आहे. संगणक-चित्रण संशोधक जोस स्टॅम यांनी 1999 मध्ये मांडलेल्या, गणित कोसळू न देणाऱ्या स्थिर पद्धतीमुळे ते संगणकावर आटोक्यात आले, आणि त्यात प्रत्येक फ्रेमचा रंग आधीच्या फ्रेममधून पुढे वाहून नेला जातो. शाईचा एकच थेंब जवळून उलगडताना दाखवायचा असेल तर ते जरूर वापरावे. केवळ पार्श्वभूमीसाठी मला तो खटाटोप वाटतो.

आपल्याकडे तयार छायाचित्र असेल आणि तेच वितळवायचे असेल, तर डिस्प्लेसमेंट मॅप वापरावा, म्हणजे कोणता ठिपका किती सरकवायचा हे सांगणारे दुसरे कृष्णधवल चित्र. त्यात 128 ही पातळी म्हणजे हालचाल शून्य, आणि त्याहून उजळ भाग चित्राला एका दिशेने तर गडद भाग उलट दिशेने सरकवतात. मॅप चांगला ब्लर केलेला असावा, नाहीतर चित्र फाटते. शिवाय सरकण्याची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना 200 पिक्सेल ठेवली, तर 8 बिटच्या (केवळ 256 पातळ्यांच्या) मॅपमधील प्रत्येक पायरी दीड पिक्सेलहून मोठी होते आणि सरळ कडा करवतीसारख्या दिसू लागतात. म्हणून मॅपही 16 बिटमध्येच तयार करावा.

हाच 8 बिटचा प्रश्न शेवटी एक्सपोर्टमध्ये पुन्हा डोके वर काढतो. माझे एक काम संपादनाच्या खिडकीत मखमलीसारखे दिसत होते आणि मोठ्या पडद्यावर मात्र त्यात नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसले. हिशेब साधा होता: गडद निळ्याच्या जेमतेम 60 छटा 1920 पिक्सेलवर पसरल्या की प्रत्येक पट्टा 32 पिक्सेल रुंद होतो. तेव्हापासून प्रोजेक्ट 16 बिटमध्ये ठेवतो, शक्य तेथे 10 बिटमध्ये एक्सपोर्ट करतो, आणि 8 बिट अपरिहार्य असेल तर सर्वांत वर अगदी हलका, दर फ्रेमला बदलणारा दाणा टाकतो. मात्र या दाण्याला बिटरेट (दर सेकंदाला साठवायची माहिती) लागतो. तो कंजूषपणे ठेवला तर कॉम्प्रेशन आधी दाणाच पुसून टाकते आणि पट्टे परत येतात.