चार शिबिरं एका शाळेत, चौदाव्या दिवशी एकही नाही

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे तापा-जुलाबांविषयी पत्रं येतात. या वेळी बहुतेकांनी रोगांपेक्षा मदतीला येणाऱ्या संस्थांविषयीच विचारलं आहे.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर आमच्या भागातल्या एका शाळेत सुमारे ६०० माणसं होती. एकाच दिवशी चार संस्थांनी तिथे आरोग्य शिबिर लावलं. रेल्वेलाइनच्या पलीकडच्या चाळींत मात्र कुणी फिरकलं नाही. हे ठरवायचं कुणी?
— मंडळाचे कार्यकर्ते, कुर्ला

आधी हिशेब मांडू. घर सोडावं लागलेली माणसं वर्षाला माणशी दोन ते चार वेळा डॉक्टरकडे जातात असं धरायची पद्धत आहे. चार धरले तरी ६०० जणांमागे दिवसाला सहा-सात रुग्ण होतात. पुरानंतरच्या दिवसांत जखमा, ताप, जुलाब यांमुळे हा आकडा पाचपट झाला असं समजा, तरी पस्तिशीच्या आत. एका डॉक्टरने दिवसाला ५० पेक्षा जास्त रुग्ण तपासू नयेत, असं मदतकार्याची स्फिअर मानकं सांगतात. म्हणजे त्या शाळेला एक डॉक्टर, एक परिचारिका आणि नोंदी ठेवणारा एक माणूस पुरला असता. उरलेली तीन शिबिरं पलीकडच्या चाळींच्या वाट्याची होती.

सगळे शाळेतच का जातात, हे उघड आहे. रस्त्याला लागून असते, गाडी आत जाते, गर्दी आयती मिळते आणि फलक लावून फोटो काढता येतो.

ठरवण्याचा अधिकार महापालिकेचा. प्रत्येक विभाग कार्यालयात वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतात, बोलीभाषेत एमओएच. संस्थेने शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा ओळखीच्या नगरसेवकाला फोन करण्याआधी यांना विचारायचं. पण पुराच्या दिवशी या अधिकाऱ्यांच्या फोनला उसंत नसते. म्हणून विभागातल्या संस्थांनी आपल्यातला एक माणूस ठरवून त्यांच्या हाताखाली द्यावा. त्याच्याकडे काम एकच : तक्ता. कोण, काय, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत. तक्ता एकाच ठिकाणी राहतो, त्यात तोच माणूस बदल करतो, आणि रोज संध्याकाळी सहाला त्या दिवसाची तारीख घालून तो सगळ्यांना जातो.

तक्ता बिघडतो तो 'कुठे'च्या रकान्यात. संस्था लिहिते 'कुर्ला'. कुर्ला पूर्व की पश्चिम? गल्ली, नगर, चाळीचं नाव आणि ओळखीची खूण लिहिल्याशिवाय ती नोंद घ्यायचीच नाही. दुसरी खोट म्हणजे 'करणार आहोत' हे 'केलं' म्हणून लिहिलं जातं. त्यासाठी दोन वेगळे रकाने ठेवा. आणि तक्ता वाचताना भरलेल्या नावांवर समाधान मानू नका, वस्त्यांची पूर्ण यादी डावीकडे लिहून रिकाम्या ओळी शोधा. संध्याकाळची बैठक त्या रिकाम्या ओळींपुरतीच घ्या, अर्धा तास पुरतो. कालची कामगिरी वाचून दाखवायला कुणी उभं राहिलं तर त्याला नम्रपणे बसवा.

व्हॉट्सॲप ग्रुप दोन हवेत. एकात फक्त तक्ता आणि तातडीच्या सूचना, तिथे लिहिण्याची मुभा दोघा-तिघांनाच. बाकी सगळं दुसऱ्यात. एकाच ग्रुपवर चालवलं की 'रुग्णवाहिका हवी' हा निरोप हात जोडलेल्या चिन्हांखाली गाडला जातो.

तुमच्या पत्रातला रेल्वेलाइनचा उल्लेख फार कामाचा आहे. पाणी भरलं की मुंबईत पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं होतात. त्यामुळे पुढे पाठवायचं रुग्णालय रुळांच्या दोन्ही बाजूंसाठी वेगळं ठरवा. नकाशावर जवळ दिसणारं रुग्णालय सबवे बुडाल्यावर जवळ राहत नाही.

प्रश्न : शिबिर किती दिवस चालवावं? आमची संस्था तीन दिवसांचं ठरवते.
— परिचारिका, परळ

तीन दिवस हा तुमच्या स्वयंसेवकांच्या रजेचा हिशेब झाला. जंतूंचं वेळापत्रक निराळं असतं.

पहिल्या आठवड्यात जखमा, धनुर्वाताचं इंजेक्शन, जुलाब. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अंगात गेल्यापासून ताप यायला दोन ते तीस दिवस लागू शकतात, बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत येतो. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात, शिबिराचा मांडव उतरल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लेप्टोची साथ दिसली ती ऑगस्टमध्ये. डेंग्यू त्याच्याही मागून येतो. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस, आणि तो चावल्यापासून ताप यायला आणखी चार ते दहा. दूषित पाण्याची कावीळ महिन्याभराने, कधी त्याहूनही उशिरा दिसते.

म्हणून चार संस्था असतील तर त्यांनी चार वस्त्या वाटून घेण्याबरोबर आठवडेही वाटून घ्यावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मोठं शिबिर नको. रोज ठरलेल्या वेळी घरोघर जाऊन 'कुणाला ताप आहे का' एवढं विचारणारी दोन माणसं आणि रक्त तपासणीसाठी ठरलेला एक दवाखाना पुरे. हे आठवडे कुणी मागून घेत नाही, कारण तेव्हा वर्तमानपत्रांतला पूर संपलेला असतो.

रजिस्टर सगळ्यांचं एकसारखं ठेवा : तारीख, वय, स्त्री की पुरुष, मूळ घराचा पत्ता, तक्रार, औषध, कुठे पाठवलं. पत्त्याच्या जागी शाळेचं नाव लिहिणं ही नेहमीची चूक. जुलाबाचे आठ रुग्ण 'शाळा' म्हणून नोंदले तर कळत काहीच नाही. आठही जण एकाच चाळीतले निघाले तर त्या चाळीची पाण्याची जोडणी तपासायची हे कळतं. पाच वर्षांखालच्या मुलांची बेरीज रोज वेगळी काढा.

काही गोष्टींना संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही : पाण्यासारखे जुलाब होऊन गळून गेलेला मोठा माणूस, ताप आणि पुरळ असलेलं मूल, तापासोबत कावीळ, लघवी कमी होणं किंवा धाप. असा एक रुग्ण दिसला तरी त्याच वेळी वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा आणि रुग्णाला रुग्णालयात हलवा. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, रुग्णवाहिकेचा १०८.

प्रश्न : लेप्टोच्या गोळ्या प्रत्येक शिबिरात वेगळ्या मात्रेत देतात. काहींनी दोनदा घेतल्या, काहींना मिळाल्याच नाहीत.
— सोसायटीच्या सचिव, कलिना

लेप्टो टाळण्यासाठी देतात त्या गोळीबद्दल, म्हणजे डॉक्सिसायक्लिनबद्दल, मुंबई महापालिकेने दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणेच सगळ्यांनी जायचं, स्वतःची पद्धत चालवायची नाही. पाण्यातून एकदाच चालत गेलेल्या, अंगावर जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅम एकदाच. पायाला जखम किंवा खरचटलेलं असेल तर रोज २०० मिलिग्रॅम, तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरणाऱ्यांना, म्हणजे सफाई आणि बचावाच्या कामगारांना, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध नाही, त्यांच्यासाठी अझिथ्रोमायसिन. पाण्यातून आल्यावर २४ ते ७२ तासांत घ्यायचं, आणि डॉक्टरांनी तपासून दिल्यावरच.

दोनदा मिळण्याचं कारण साधं आहे : पहिल्या शिबिराने हातात गोळी दिली, कागद दिला नाही. केसपेपर रुग्णाकडेच राहू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर औषध, मात्रा, तारीख आणि दिलं असल्यास धनुर्वाताचं इंजेक्शन लिहा. दुसऱ्या शिबिराचा पहिला प्रश्न 'कागद आहे का' हाच असावा. गोळी जेवल्यावर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा. घेतल्यावर लगेच आडवं पडलं तर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ करते. आणि हे प्रत्येकाला बजावून सांगा : गोळी घेतली असली तरी ताप आला तर दवाखान्यात यायचंच.

प्रश्न : सोसायटीत गोळा झालेली औषधं नऊ खोकी भरली आहेत. कुठे द्यावीत?
— मुलुंड

खरं सांगायचं तर बहुतेक कुठेच देता येणार नाहीत. कापलेल्या पट्ट्यांवर मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहून गेलेली असते. सुट्या गोळ्यांना नाव नसतं. डॉक्टरांना मिळालेल्या नमुन्याच्या पट्ट्या एका औषधाच्या चार, दुसऱ्याच्या सहा, त्यांतून एका रुग्णाचाही पूर्ण कोर्स होत नाही. दान दिलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर निदान वर्षभर उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये हजारो टन औषधं येऊन पडली आणि त्यांतली कितीतरी नष्ट करण्यावरच खर्च झाला.

अख्ख्या, न कापलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा. मूळ रासायनिक नावाने यादी करा, ब्रँडच्या नावाने नाही, नाहीतर पॅरासिटामॉल पाच ठिकाणी पाच नावांनी मोजलं जाईल. यादी आधी पाठवा, खोकी मागितल्यावर. उरलेली औषधं जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जायला हवीत, त्यासाठी जवळच्या रुग्णालयाला विचारा. नाल्यात किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका. पुढच्या वेळी पैसे गोळा करा. विभागाने मागितलेली ओआरएसची पाकिटं त्यातून ठोक भावात मिळतात.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय पातळीवर 'हेल्थ क्लस्टर' असतो, तसा इथे का नाही?
— समाजकार्याचा विद्यार्थी, गोवंडी

क्लस्टर म्हणजे एका विषयावर काम करणाऱ्या सगळ्या संस्थांचा एका प्रमुख संस्थेच्या नेतृत्वाखालचा गट. मदतकार्याच्या २००५ च्या सुधारणांमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही पद्धत आणली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या पाकिस्तानच्या भूकंपात ती पहिल्यांदा वापरली. आरोग्याचं नेतृत्व जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी-स्वच्छता युनिसेफकडे. त्या त्या देशाची यंत्रणा अपुरी पडते तेव्हाच क्लस्टर उभा करतात. आपल्याकडे २००५ च्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जबाबदारी सरकारी यंत्रणेवर आहे. वर सांगितलेला तक्ता मात्र क्लस्टरकडूनच घ्यावा असा आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीत मधुमेह आणि टीबीचे पेशंट बरेच. शिबिरात फक्त तापाची औषधं मिळतात.
— आरोग्य स्वयंसेविका, मानखुर्द

तक्त्यात हमखास रिकामी राहणारी ओळ तुम्ही नेमकी पकडली आहे. पहिल्याच दिवशी, तापाच्या रांगेपासून वेगळं, एक टेबल फक्त रोजच्या औषधांसाठी मांडायला लावा. टीबीच्या रुग्णाची फाईल वाहून गेली तरी निक्षय क्रमांकावरून, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीतल्या रुग्णाच्या क्रमांकावरून, नोंद सापडते आणि दुसऱ्या उपचार केंद्रातूनही गोळ्या चालू राहतात. तेव्हा तो क्रमांक आत्ताच, कोरड्या दिवसांत, सगळ्यांकडून दोन ठिकाणी लिहून घ्या. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत लागते. वीज नसेल तर वस्तीत कुणाचा फ्रिज जनरेटरवर चालतो ते शोधून ठेवा. वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालते. मात्र पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली बाहेरून धुऊन वापरू नका. डायलिसिसवर असलेल्यांची आणि आठवा-नववा महिना लागलेल्या बायकांची यादी वेगळी करा, आणि जोराच्या पावसाचा इशारा आला की पाणी चढण्याआधीच त्यांना रुळांच्या योग्य बाजूला हलवा.