एक्सेप्शनल पॉइंटजवळ स्प्लिटिंग वाढतं, मग मोजमाप का सुधारत नाही?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. नवख्यांसाठी एका ओळीत: दोन रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला प्रकाश रिंगमध्ये साठतो त्या) एकमेकांत पूर्ण मिसळून एकच होतात ती स्थिती म्हणजे एक्सेप्शनल पॉइंट, आणि थोड्याशा बदलाने त्यांच्यात पडतं ते अंतर म्हणजे स्प्लिटिंग. आता तुमची मांडणी: दोन सिलिकॉन मायक्रोरिंग (चिपवरच्या, प्रकाश फिरवणाऱ्या सूक्ष्म कड्या), एकीवर धातूची पट्टी देऊन वाढवलेला लॉस (प्रकाशाची गळती), स्प्लिटिंग वर्गमूळाच्या नियमाने वाढतंय, तरी द्रावणातला ओळखू येणारा सर्वांत लहान फरक जिथे होता तिथेच. आणि गाइड म्हणतात, अलाइनमेंट बघा. माझ्या मते अलाइनमेंटचा इथे काही दोष नाही. अशाच जोडीवर माझाही बराच काळ गेला आहे.

कपल्ड मोड थिअरी (जोडलेल्या रिंगांमधल्या प्रकाशाचं गणित) तुम्हाला येते असं धरतो. एक्सेप्शनल पॉइंटजवळ सेन्सरचा प्रतिसाद वर्गमूळाने वाढतो, असं 2014 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ यान वीर्सिग यांनी जे सुचवलं आणि 2017 मध्ये सेंट लुइस आणि सेंट्रल फ्लोरिडाच्या गटांनी जे दाखवलं, ते खरंच आहे. दहा हजारात एक एवढ्या बदलाचं वर्गमूळ शंभरात एक होतं. पण तुमच्याकडे गेन (प्रकाश वाढवणारं माध्यम) नाही. दोन्ही शिखरं लाइनविड्थच्या (शिखराच्या रुंदीच्या) आत दबलेली आहेत. डिटेक्टरला दिसतो तो ट्रान्समिशनचा वक्र, आणि लहान बदलाला तो सरळ प्रमाणातच हलतो. वर्गमूळ येतं ते तुम्ही फिट करून फ्रिक्वेन्सी काढता तेव्हा, आणि वक्रावरचा नॉइजही त्याच वाटेने तितकाच फुगतो. भौतिकशास्त्रज्ञ लँगबाइन यांनी 2018 मध्ये हाच आक्षेप घेतला होता. गेनवाल्यांचीही सहज सुटका नाही. कॅलटेकच्या वहाला गटाने 2019 मध्ये ब्रिलुआं रिंग लेझरच्या जायरोचा (फिरणं मोजणाऱ्या उपकरणाचा) प्रतिसाद चौपटीपर्यंत नेला आणि पुढच्याच वर्षी स्वतःच दाखवलं की पीटरमन फॅक्टरमुळे (मोड एकमेकांत मिसळल्याने नॉइज किती पट वाढतो तो आकडा) लाइनविड्थचा नॉइजही तितकाच वाढतो.

म्हणून पेपरमध्ये स्प्लिटिंगचा आलेख पहिला लावू नका. त्याच चिपवर हीटरने एका रिंगचा रेझोनन्स लांब सरकवा, तेवढाच लेझर पॉवर आणि तेवढाच वेळ ठेवून नॉइज मोजा, मग एक्सेप्शनल पॉइंटवरच्या मोजमापाशी तुलना करा.

आता मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट. ज्या सामायिक फॅबमधून (चिप बनवणाऱ्या सुविधेतून) आमच्या चिप येत, तिथे ई-बीमचा (आकार आखणाऱ्या इलेक्ट्रॉन झोताचा) डोस मधल्या काळात बदलला गेला आणि आम्हाला कोणी कळवलं नाही. रिंगांमधला गॅप अरुंद निघाला. कपलिंग (एका रिंगमधून दुसरीत प्रकाश जाण्याचा दर) गॅपनुसार एक्स्पोनेन्शियल बदलतं आणि इथे ते लॉसच्या फरकाच्या निम्म्याशी तंतोतंत जुळावं लागतं. 2 टक्के जास्त झालं तर काही न घालताच दोन शिखरांत कपलिंगच्या 0.4 पट अंतर पडतं! आम्ही प्रोसेसची नोंद मागितली, तर ‘ती बाहेर देत नाही’. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटो मागितले, तर नवा अर्ज, नवी फी, नवी रांग. विद्यार्थ्याच्या फेलोशिपचे महिने असे खाणं मला आजही अन्याय वाटतो. तेव्हा एकच गॅप छापू नका. एकाच चिपवर गॅपची मालिका घ्या, आणि एसईएमची अट ऑर्डरमध्येच लेखी टाका. शक्य असेल तर कपलिंगच हीटरने बदलता येईल असं डिझाइन करा.

तापमानाकडेही बघा. सिलिकॉन रिंगचा रेझोनन्स 1550 नॅनोमीटरजवळ अंशाला साधारण 70 ते 80 पिकोमीटर सरकतो. दोन रिंगांच्या तापमानातला फरक हा थेट डिट्यूनिंग (दोन रेझोनन्समधली तफावत) असतो आणि तोही स्प्लिटिंग म्हणूनच दिसतो.

माझं मत पटलं नाही तरी चालेल: गेन नसलेल्या जोडीवर सेन्सिंगसाठी एक्सेप्शनल पॉइंटचा हट्ट धरू नये. मी फक्त सिलिकॉनवर काम केलं आहे. गेन देणारं एर्बियम किंवा क्वांटम वेल असेल तर नॉइजचा हिशेब वेगळा. पण हे क्षेत्र पोकळ आहे असं मुळीच म्हणत नाही. 2014 मधले सिंगल-मोड रिंग लेझर बघा, प्रकाश काबूत ठेवायला हा विचार फारच उपयोगी आहे. सेन्सिंगमध्येही 2022 चा अॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारं उपकरण) आहे, जिथे सिग्नल-टू-नॉइज तिप्पट झाला. ते मात्र इलेक्ट्रॉनिक सर्किट होतं, आणि त्यांनी एक्सेप्शनल पॉइंटवर न बसता ट्रान्समिशनची शिखरं जिथे एकत्र येतात तिथे मोजलं.

फॅबच्या चुकांनी बेजार झाला असाल तर एक्सेप्शनल सरफेसवाली रचना वाचा: एकच रिंग, शेजारच्या वेव्हगाइडच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या मार्गाच्या) एका टोकाला आरसा; इथे मिसळणारे दोन मोड म्हणजे रिंगमध्ये उलटसुलट दिशांनी फिरणारा प्रकाश. गॅप थोडा चुकला तरी ती एक्सेप्शनल पॉइंटवरच राहते. तुमच्या चिपचा गॅप नेमका किती आला आणि लॉसचा फरक किती, तेवढं इथे टाका.