मिर्टाझापिन, रात्रीची भूक आणि वाढलेले नऊ किलो

वयाने मी मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. तू लिहिलंयस की सासर फोंड्याकडे, वय ३१, उंची १५५ सेंटिमीटर. सात महिन्यांपासून रात्री नैराश्यावरची मिर्टाझापिन ही गोळी (१५ मिलिग्रॅम) घेतेस. रडू थांबलं, झोप लागते, कामावर परत जायला लागलीस. पण ५४ ची ६३ किलो झालीस, रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात गेल्याशिवाय राहवत नाही, आणि घरची माणसं म्हणतात गोळ्यांनी फुगलीस, बंद कर. चतुर्थीच्या आधी गोळी अर्धी करून हळूहळू सोडायचं तुझ्या मनात आहे.

तसं करू नकोस. मी केलंय, म्हणून सांगते.

मी डिचोलीची, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१७ साली मला हेच औषध सुरू झालं आणि दहा महिन्यांत मी ६१ वरून ७२ वर गेले. पुढच्या वर्षी चवथीच्या पंधरा दिवस आधी, कोणाला न सांगता, गोळी सोडली. ब्लाउज दंडात बसत नव्हता, एवढंच कारण. चौथ्या रात्रीपासून झोप गेली, मळमळ, छातीत धडधड. माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधायच्या दिवशी नवरा स्टुलावर उभा होता आणि मी खालून एकेक वस्तू देत होते. सुपारीचा घोस हातात घेतला आणि दोरी कुठून ओवायची तेच कळेना. ते वरून हात पसरून थांबलेले, मी घोस धरून उभी. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. घर पाहुण्यांनी भरलेलं. दसऱ्यापर्यंत मी जिथून सुरुवात केली होती तिथे परत पोचले होते. त्या काळात वजन तीन किलो उतरलं, ते अन्न गिळवत नव्हतं म्हणून. औषध परत लागू पडायला दोन महिने गेले.

आता तुझी भूक. कृपा करून तिला ‘माझा ताबा नाही’ असं म्हणू नकोस. मिर्टाझापिन मेंदूतल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाचे दरवाजे बंद करतं. सर्दीच्या गोळीने पेंग येते ती याच वाटेने, आणि तुला झोप लागते तीही बरीचशी यामुळेच. पण हेच हिस्टामिन भुकेला आवरही घालत असतं. शिवाय सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाची एक खूण ‘पोट भरलं’ असं सांगते, तिलाही हे औषध अडवतं. म्हणजे झोप देणारा गुण आणि भूक वाढवणारा गुण एकाच गोळीत शेजारी बसलेत. अमेरिकेतल्या सहा आठवड्यांच्या चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या शंभरातल्या १७ जणांनी भूक वाढल्याचं सांगितलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत फक्त २ जणांनी. तुझी भूक खरी आहे, ती औषधाच्या पाकिटातल्या कागदावर छापलेली आहे.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते. आजारात तुझं जेवण तुटलं होतं का? तसं असेल तर पहिले दोन-तीन किलो हे नुसतं परत मिळालेलं वजन असू शकतं. म्हणून आजारी पडायच्या आधी, अगदी बरी असताना किती होतीस ते आठवून बघ. मोजायचं तिथून.

तरीही नऊ किलो म्हणजे मूळ वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढे, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. आपल्या भारतीय शरीरांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुझा हिशेब ५४ ला साधारण साडेबावीस होता, आता सव्वीसच्या थोडा वर आहे. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर आणि हृदयाचा विचार सुरू करायचा. शिवणाची टेप घे, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून मोज. आकडा लिहून ठेव.

हा आकडा घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा. ही माझी मुख्य सूचना आहे, बाकीचं तिच्यामागून. मी सुरुवातीला प्रत्येक वेळी ‘कसं वाटतं?’ला ‘बरं वाटतं’ म्हणून उठून यायचे. वजनाचं बोलले तर जीव वाचवणाऱ्या औषधाबद्दल कुरकुर केल्यासारखं होईल असं वाटायचं. एकदा वहीत दर सोमवारचं वजन लिहून नेलं, पानावर ६१ पासून ७२ पर्यंतची उतरंड उलटी चढलेली. तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट विचारायला लागले. तोंडी ‘हल्ली जरा जाड झाले’ याला काही वजन नसतं, आकड्याला असतं. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या कराव्यात का ते विचार. थायरॉइड मंद असेल तर मनही खाली जातं आणि वजनही वाढतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती बघायलाच हवी. फोंड्याहून बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवत असशील तर सगळं एकाच फेरीत होतं का ते आधी विचारून घे, दोनदा रजा टाकावी लागणार नाही.

औषध बदलायचं का, हा त्यांचा निर्णय, पण तुला माहिती हवी. भुकेच्या बाबतीत सगळी औषधं सारखी नाहीत. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं जास्त वाढवतात. पॅरोक्सेटिनही त्याच्या भावंडांत पुढे. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन मधली, आणि ब्युप्रोपिऑनने तर सहसा वाढत नाही. पण कधी फिट आली असेल किंवा खाऊन उलट्या काढण्यासारखा आजार झाला असेल तर ते देत नाहीत. २०२४ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवरून आठ औषधांची तुलना झाली. सहा महिन्यांत एस्सिटालोप्रामवाल्यांचं वजन सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा सरासरी जेमतेम ४०० ग्रॅम जास्त वाढलं. ही सरासरी लक्षात ठेव, म्हणजे ‘शेजारणीचं वजन अमुक गोळीने पंधरा किलो वाढलं’ हे ऐकून घाबरायला होणार नाही. मिर्टाझापिन त्या आठांत नव्हतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१८ साली आला. त्यात वजन वाढण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सगळ्यात जास्त दिसला. म्हणून पहिल्या वर्षी वाढलं नाही म्हणणाऱ्यांनीही वहीतले सोमवार चालू ठेवावेत.

मला पुढे सर्ट्रालिनवर आणलं. एक कमी, दुसरं हळूहळू जास्त, असं पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत झोप डळमळली, चिडचिड झाली, पण प्रत्येक पायरी कागदावर लिहिलेली होती आणि नवऱ्याला माहीत होती. एकट्याने चोरून सोडणं आणि हे, यांची तुलनाच नाही. वजन दीड वर्षात ६६ वर आलं. ६१ कधीच आलं नाही. खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून हेही सांगून ठेवते.

औषध तेच राहिलं तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं म्हणजे गोळीची वेळ. मिर्टाझापिनवर होते तेव्हा मी ती जेवणानंतर नऊला घ्यायचे आणि मग सिरीयल, वह्या तपासणं, साडेअकरा. मधले अडीच तास ती गोळी मला भूक लावत बसायची आणि मी जागी. वेळ पुढे नेऊ का, असं विचारलं. मग दात घासून, दिवा बंद करायच्या आधी घ्यायची असं ठरलं. दहा-पंधरा दिवसांत रात्रीच्या फेऱ्या निम्म्या झाल्या. तूही डॉक्टरांना विचारून बघ.

दुसरं म्हणजे पाव. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न संध्याकाळी वाजला की माझ्या पिशवीत आठ उंडे (गोल पाव) पडायचे. चहाबरोबर दोन, मग रात्री उरलेले ओट्यापाशी उभ्यानेच, बुडवायला कपभर गोड चहा. उंडो काही वाईट नाही, पण तो पटकन संपतो आणि पटकन परत भूक लागते. मी माणशी एकच घ्यायला लागले, रात्रीसाठी उरूच दिले नाहीत. त्याऐवजी रात्री खरंच भूक लागली तर भाजलेले चणे, उकडलेलं अंडं, वाटीभर दही. हे घशाखाली सावकाश उतरतं आणि पोटात थांबतं. अकराला उपाशी राहून झोपायचा हट्ट करू नकोस. तो दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण डबा रिकामा होतो.

जेवणात भाताचा ढीग तोच ठेवून वर ‘डाएट’चं काही आणायची गरज नाही. आपलं जेवण चांगलं आहे, फक्त ताटातली जागा बदलायची. आधी शीत (भात) किती ते हातानेच ठरव, वाडग्याने नको. तर्ले, बांगडे स्वस्त मिळतात तेव्हा तळून नको, हुमणात (माशांच्या आमटीत) घाल आणि दोन तुकडे जास्त घे, शीत एक मूठ कमी. शिवराक (शाकाहारी) दिवशी अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) टोणाक किंवा मूग भरपूर. खोबरं मात्र जरा मोजून, माझ्या हातून तिथेच जायचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज घेत असशील तर नुसती पेज आणि लोणचं नको, बरोबर अंडं किंवा उसळ हवी, नाहीतर अकरा वाजता शाळेच्या मधल्या सुट्टीत मिरची भजी हाक मारतात.

तोंड कोरडं पडत असेल, आणि या औषधांनी पडतं, तर त्याकडे लक्ष दे. कोरड्या तोंडाला आपण थंड सरबत, बाटलीतलं पेय, गोड चहा देतो आणि दिवसभरात किती साखर गेली ते कळतही नाही. सोलकढी बिनसाखरेची चालते. पाण्याची बाटली जवळ ठेव.

चालण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण यात वजनापलीकडचं काहीतरी आहे. आपल्याच गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला होता, २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत छोट्या छोट्या कृतींकडे परत वळवायचे: कुठे जायचं, कोणाला भेटायचं, हाताने काय करायचं. नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने जास्त फरक पडला. म्हणजे चालायला जाणं हा तुझ्या मूळ आजारावरचाही उपचार आहे, वजन हा त्याचा दुसरा फायदा. मी असं ठरवलं होतं: वीस मिनिटं, रोज एकच वेळ, जेवणानंतर. पावसात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायचे. पुजारी पहिले दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवसापासून त्यांनीच पंखा लावून ठेवला. पहिल्या महिन्यात वजन शंभर ग्रॅमही हललं नाही. रात्रीचा डबा मात्र कमी उघडला जायला लागला.

वजन उतरवणाऱ्या पावडरी, चहा, कॅप्सूल यांना हात लावू नकोस. गार्सिनिया कॅम्बोजिया म्हणून जे मिळतं ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. ताटातलं कोकम निर्धास्त खा. पण त्या अर्काच्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याचे आणि नैराश्याच्या औषधांबरोबर घेतल्यावर सेरोटोनिन धोकादायक वाढल्याचे रुग्ण नोंदलेले आहेत. सिबुट्रामिन नावाचं औषध आपल्याकडे २०११ साली बंद झालं, तरी जगभर ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांत ते सापडत राहतं. आणि हल्ली ज्यांची चर्चा आहे त्या इंजेक्शनांबद्दल विचारायचं तर तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांनाच विचार, ऑनलाइन मागवून नको.

घरच्यांचं काय करायचं ते सगळ्यात अवघड. मला रस्त्यात, देवळात, लग्नात एकच वाक्य ऐकू यायचं, ‘कितें गो, मोटी जाल्या मगे तूं!’ बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण घरी येऊन मी गोळीच्या पाकिटाकडे रागाने बघायचे. नवऱ्याला मी एका भेटीला डॉक्टरांसमोर बसवलं. माझ्या तोंडून सात वेळा ऐकलेलं त्यांना तिथे एकदा ऐकून पटलं. तुझ्या सासूबाई येतील का? नाहीतर नवऱ्याला ने. सासूबाईंना एवढंच सांग की औषध मी थांबवणार नाही, वजनाचं बघायला डॉक्टरांकडे तारीख घेतलीय. वाद घालू नकोस, तारीख सांग.

मधल्या काळात मन परत खाली जायला लागलं, जगणं नको वाटायला लागलं, तर चतुर्थीचे पाहुणे वगैरे काही बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर चोवीस तास, फुकट आहे. फोन कर, घरच्या एकाला उठव.

आणि चवथीला नेवऱ्या (करंज्या) खा. दुपारी, पानात वाढलेल्या, सगळ्यांबरोबर बसून. डबा जाऊबाईंच्या खोलीत ठेवायला सांग, म्हणजे रात्री अकराला तो तुझ्या हाताला लागणार नाही. पूजेच्या गडबडीत गोळी चुकू नये म्हणून मी ती देवघराशेजारच्या खिडकीत पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवायचे, तशी तूही कुठेतरी ठरलेली जागा कर. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की कंबरेचा आकडा आणि ते काय म्हणाले ते लिही, पुढचं त्यावरून बोलू.