प्रश्न वाचकांचे : एफए कप, हंगाम २०२४-२५

१७ मे २०२५ रोजी वेम्बलीवर क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० असं हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा, जिंकली. १९०५ साली स्थापन झालेल्या या क्लबचं हे पहिलंच मोठं विजेतेपद. या हंगामाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

७४५ संघ खेळले असं वाचलं, पण टीव्हीवर आम्हाला जानेवारीतच स्पर्धा दिसायला लागते. बाकीचे संघ कुठे जातात? आणि ड्रॉ काढताना मोठ्या संघांना एकमेकांपासून लांब ठेवतात का?
– एक वाचक, सांगली

स्पर्धा ऑगस्टमध्येच सुरू होते. खालच्या स्तरांवरचे शेकडो क्लब आधी सहा फेऱ्या खेळतात : दोन प्राथमिक आणि चार पात्रता फेऱ्या. त्यातून ३२ संघ उरतात. त्यांना लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या-चौथ्या स्तरांवरचे ४८ संघ येऊन मिळतात आणि ८० संघांची ‘पहिली फेरी’ नोव्हेंबरमध्ये होते. दोन फेऱ्यांनंतर २० संघ राहतात. मग सर्वोच्च स्तरावरच्या प्रीमियर लीगचे २० आणि दुसऱ्या स्तरावरच्या चॅम्पियनशिपचे २४ संघ दाखल होतात आणि ६४ संघांची तिसरी फेरी जानेवारीत होते. तुम्ही पाहायला सुरुवात करता ती इथून. म्हणून पॅलेसला कपसाठी सहा सामने जिंकावे लागले. अगदी तळापासून निघालेल्या क्लबला चौदा जिंकावे लागतील.

मानांकन अजिबात नाही. प्रत्येक संघाला क्रमांक असतो, त्या क्रमांकाचा चेंडू भांड्यात जातो. आधी निघेल तो यजमान, नंतर निघेल तो पाहुणा. त्यामुळेच गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडला तिसऱ्या फेरीतच आर्सेनलच्या मैदानावर जावं लागलं. दहा खेळाडूंनिशी १-१ बरोबरी राखून त्यांनी पेनल्टी शूटआउटमध्ये ५-३ अशी बाजी मारली. उपांत्य आणि अंतिम सामने मात्र वेम्बलीवरच होतात, तिथे यजमानपदाचा प्रश्न येत नाही.

टॅमवर्थने टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० रोखलं, तरी पुन्हा सामना का झाला नाही? पूर्वी होत असे ना?
– एक वाचक, नाशिक

होत असे. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढे फेरलढत बंद झाली. आता ९० मिनिटांत बरोबरी असेल तर त्याच दिवशी १५-१५ मिनिटांचा जादा वेळ, तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी. कारण सांगितलं गेलं ते वेळापत्रकाचं : त्याच हंगामापासून युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यातले सामने सहावरून आठ झाले, मग आठवड्यामधली मोकळी संध्याकाळ आणायची कुठून?

टॅमवर्थचा सामना या बदलाची किंमत नेमकी दाखवतो. पाचव्या स्तरावरचा क्लब, छोटंसं मैदान, त्यावर कृत्रिम गवत. गोलरक्षक जस सिंग पेशाने बिल्डिंग सर्व्हेअर. अशा संघाचे पाय ९० मिनिटांनंतर जड होणारच, उलट टॉटनहॅमकडे बाकावर ताजे, महागडे खेळाडू बसलेले. १०१व्या मिनिटाला स्वयंगोल झाला, मग कुलुसेव्हस्की आणि ब्रेनन जॉन्सन यांचे गोल. निकाल ३-०. जुना नियम असता तर ०-० वर शिट्टी वाजली असती आणि टॅमवर्थ ६२ हजारांवर आसनांच्या टॉटनहॅमच्या मैदानावर खेळायला गेलं असतं. या स्पर्धेत खर्च वजा जाता तिकिटांच्या उत्पन्नात पाहुण्या क्लबलाही यजमानाइतकाच वाटा मिळतो. अशी एक रात्र छोट्या क्लबचा अख्खा हंगाम तारून नेऊ शकते.

मोठ्या क्लबांची दमछाक खरी आहे, हे मान्य. तरी आमच्या मते निदान तिसऱ्या फेरीत, तेही पाहुणा संघ प्रीमियर लीगचा असेल तेव्हा, फेरलढत ठेवायला हवी होती. उपांत्य फेरीतली फेरलढत १९९९ नंतरच गेली आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण तिथे पोचणारे क्लब बहुधा खाऊनपिऊन सुखी असतात.

लेस्टरविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या मॅग्वायरचा ९३व्या मिनिटाचा गोल सरळ ऑफसाइड होता. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणारं तंत्र) बंद पडलं होतं का?
– एक वाचक, पुणे

बंद पडलं नव्हतं, वापरायचंच नव्हतं. या हंगामात व्हीएआर पाचव्या फेरीपासून होतं आणि हा सामना चौथ्या फेरीतला. आधीच्या हंगामांत प्रीमियर लीगच्या मैदानावर व्हीएआर आणि शेजारच्या गावात नाही, अशी एकाच फेरीत दोन तऱ्हा असायची. ती विसंगती काढायला हा निर्णय झाला. सहायक पंचाचा झेंडा वर गेला नाही, म्हणून गोल कायम राहिला आणि युनायटेड २-१ जिंकलं.

यंत्र आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. पाचव्या फेरीत अर्धस्वयंचलित ऑफसाइड प्रणाली आणली, आणि १ मार्चला बोर्नमथ विरुद्ध वुल्व्ह्ज सामन्यात एका गोलाची तपासणी आठ मिनिटं चालली. गोलसमोर खेळाडूंची दाटी झाली की कोणाचा पाय कुठे आहे हे प्रणालीला सुटं करता येत नाही, मग रेषा हाताने आखाव्या लागतात. शेवटी गोल रद्द झाला, तरी बोर्नमथ पेनल्टीवर जिंकलं.

प्लिमथने लिव्हरपूलला हरवलं ते नशिबाने का?
– एक वाचक, कोल्हापूर

थोडं नशीब, जास्त संघनिवड. लिव्हरपूलने सलाह आणि व्हॅन डाइक या बिनीच्या खेळाडूंना संघाबाहेर ठेवलं होतं. चॅम्पियनशिपच्या तळाशी असलेल्या प्लिमथने बचाव घट्ट ठेवला, ५३व्या मिनिटाला रायन हार्डीने पेनल्टीवर गोल केला आणि तेवढा पुरला.

अंतिम सामन्यात पॅलेसचा गोलरक्षक हेंडरसन याने पेनल्टी क्षेत्राबाहेर चेंडूला हात लावला. लाल कार्ड सोडा, साधी फ्री किकही का मिळाली नाही?
– एक वाचक, ठाणे

मैदानावरच्या पंचांना तो हात दिसला नाही. व्हीएआरला तेव्हा हस्तक्षेप करता येत होता तो गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड एवढ्या चारच बाबतींत. नुसती फ्री किक ते देऊ शकत नव्हतं. त्यामुळे पाहायचं एवढंच उरलं की गोलची स्पष्ट संधी हिरावली का. त्यासाठी चार गोष्टी तपासतात : गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता आणि आजूबाजूचे बचावपटू. सिटीचा हालंड गोलपासून बाजूला जात होता, म्हणून दिशेच्या निकषावर लाल कार्ड टळलं. सिटीचे पाठीराखे चिडले यात नवल नाही, कारण त्याच हेंडरसनने ३६व्या मिनिटाला मरमूशची पेनल्टी अडवली. एकमेव गोल १६व्या मिनिटाचा : प्रतिहल्ल्यात पॅलेसच्या मुन्योझचा उजवीकडून क्रॉस, एझेने तो पहिल्याच स्पर्शात जाळ्यात धाडला.

कप जिंकला की युरोपा लीग मिळते ना? मग पॅलेस तिच्या खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये कसं?
– एक वाचक, दुबई

मालकीच्या नियमामुळे. एकाच मालकाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत आणि ही स्थिती १ मार्च २०२५ या तारखेला पाहिली गेली. त्या दिवशी जॉन टेक्स्टर यांच्या ईगल फुटबॉल समूहाचा पॅलेस आणि फ्रान्सचं लियों या दोन्हींत हिस्सा होता. दोघेही युरोपा लीगला पात्र ठरले, तेव्हा देशी लीगमधलं स्थान पाहिलं : लियों सहावं, पॅलेस बारावं. पॅलेसला खाली ढकललं, ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही अपील फेटाळलं आणि जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली. पॅलेसमधला हिस्सा पुढे विकला गेला, पण तारीख उलटून गेली होती.

आपल्याकडे अशी बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा आहे का?
– एक वाचक, मडगाव

तुमच्याच गावाजवळ तिचा चषक आला आहे! २०२५चा सुपर कप पूर्ण बाद पद्धतीने भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर झाला. एफसी गोवाने अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० हरवलं. बोर्हा हेरेराचे दोन गोल, एक द्राझिचचा. २०१९ मधल्या पहिल्या विजेतेपदानंतर हे त्यांचं दुसरं, आणि दोनदा सुपर कप जिंकणारा तो पहिला क्लब. बक्षीस होतं आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या पात्रता सामन्याचं. ऑगस्टमध्ये फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला २-१ हरवून गोवा गटात पोचलं, आणि गटात समोर सौदी अरेबियाचं अल नस्र आलं.