पावती कुणाच्या नावे फाटते ते बघ

प्रिय पोरा,

परवा कांदाचाळीच्या कर्जाची बँकेची फाइल काखेत धरून तू म्हणालास, "काका, सरकारने कांद्याचा भाव एकदाचा ठरवूनच द्यावा." मी तेव्हा गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

अरे, भाव ठरवायची दोरी ज्याच्या हातात देशील, तो ती खालीही ओढणारच. शहरात ओरड झाली की ओढेल, निवडणूक आली की ओढेल. पावती फाटेल तुझ्या नावे.

२०२३ आठव. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही, आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. माझा लाल कांदा नेमका काढणीला आलेला. शेजाऱ्याने आदल्या आठवड्यात क्विंटलला साडेतीन हजाराने दिला, मी दहा दिवसांनी १,७०० ने. व्यापाऱ्याने ट्रॉलीतला एक कांदा उचलला, अंगठ्याने पत्ती सोलली, परत टाकला आणि पुढच्या ट्रॉलीकडे गेला. उन्हाळ कांदा असता तर माघारी नेऊन चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टाकला असता, लाल कुठे टिकतो? शहरात कांदा स्वस्त झाल्याच्या बातम्या आल्या. त्या फरकाचे पैसे मी भरले होते, ते कुणी छापलं नाही.

बंदी मार्चअखेर उठेल म्हणाले आणि उन्हाळ कांदा बाजारात यायच्या तोंडावर ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर आखातातलं, मलेशियातलं गिऱ्हाईक पाकिस्तान आणि इजिप्तकडे वळलेलं. तुटलेलं गिऱ्हाईक कुठल्या पंचनाम्यात येतं सांग मला!

गरिबाने महाग कांदा खायचा का, हा तुझ्या बहिणीचा प्रश्न रास्त आहे. मग तिजोरीतून गरिबाच्या खात्यावर पैसे टाका. पावती सगळ्या देशाच्या नावे फाटू दे, एकट्या चांदवड-येवल्याच्या नावे का?

हो, २०२३ चं क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान मी घेतलं. तू बोलला नाहीस, पण तुझ्या मनात होतं. १९८० ला चाकणला शेतकरी संघटनेच्या कांदा आंदोलनात "भीक नको, हवे घामाचे दाम" ओरडलेला माणूस सातबारा घेऊन रांगेत उभा राहिला. त्या फेब्रुवारीत कांदा मातीमोल गेला होता आणि पोरीची फी थकली होती. २०१९ आणि २०२० च्या बंद्यांनी माझ्याकडून नेलं, त्यातलं चिमूटभर परत आलं. भीक नव्हती ती. आजही तेच म्हणेन.

खंत आहे ती वेगळी. जून २०२० मध्ये वटहुकमाने कांद्यावरची साठ्याची बंधनं सैल केली, तेव्हा मी गावात पेढे वाटले. १४ सप्टेंबरला निर्यात बंद झाली. त्या दिवशी रस्त्यावर उतरायला हवं होतं. मी घरात बसून राहिलो, पेढे वाटल्याची लाज वाटत होती म्हणून.

१ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठलं, म्हणून तू निर्धास्त झालायस. होऊ नकोस. चाळ जरूर बांध, पण २५ टनांची, ५० ची नको. मधे एखादं वर्ष बंदीत जाईल असं धरूनच हप्ता बसव. आणि भाव ठरवून द्या म्हणणाऱ्या त्या निवेदनावर सही करू नकोस. केली असशील तर जाऊन खोडून ये.

रविवारी फाइल घेऊन ये, हिशेब पुन्हा मांडू. जेवायलाच ये.

तुझा,
काका