बडोद्यात तळमजल्याच्या घरात रोकड आणि दागिने कुठे ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारेलीबागेत टेनामेंट, खाली तीन खोल्या आणि वर एक. घरात पंचाहत्तरीचे आई-वडील. डिसेंबरात बहिणीचं लग्न, म्हणून दोन लाखांपर्यंत रोख आणि वीसेक तोळे दागिने दोन-तीन महिने घरात राहणार. वडील म्हणतात फरशी उकरून डबा पुरू, आई म्हणते तांदळाच्या कोठीत ठेवू. तुम्हाला चोराला सापडणार नाही अशी जागा हवी आहे.

मी तिजोऱ्या आणि कुलपं बसवण्याच्या धंद्यात आहे. जागा सांगतो, पण वस्तू चोराबरोबरच पाण्याला, वाळवीला आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यालाही सापडता कामा नये. बडोद्यात तर हे तिघे चोरापेक्षा जास्त नेमाने येतात.

आधी वडिलांच्या फरशीचं बघू. कल्पना जुनी आणि एरवी वाईट नाही, पण कारेलीबागेत नको. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला होता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमच्याच भागात तळमजले पाण्यात होते. फरशीखालच्या डब्यात पाणी वरूनच शिरतं असं नाही. पूर नसतानाही पावसाळ्यात जमिनीतली ओल चढते आणि डबा आतून घामेजतो. शिवाय वाळवी मातीतूनच येते, म्हणजे तुम्ही नोटा तिच्या दारात नेऊन ठेवणार. आणि नवी घातलेली एकच फरशी, भोवतीच्या सांध्यात पांढरंशुभ्र सिमेंट, ही आंधळ्यालाही दिसते.

आईच्या कोठीचंही तेच. घरफोड्याकडे वेळ कमी असतो, म्हणून तो ठरलेल्या वाटेने फिरतो: झोपायच्या खोलीतलं कपाट, साड्यांच्या घड्या, गादीखाली, पलंगाचा बॉक्स, देवघराचा खण, माळ्यावरच्या बॅगा, मग स्वयंपाकघरातले डबे. डब्यात हात घालून चाचपत बसत नाही, जमिनीवर उपडे करतो. फ्रीज, फ्लशची टाकी आणि फोटोफ्रेमची मागची बाजूही आता सगळ्यांना पाठ आहे. लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरचा लोकांना फार भरवसा असतो. पण त्याचा पत्रा साधारण मिलिमीटरभरच जाड असतो. कटावणीचं टोक एकदा फटीत बसलं की दार वाकायला दोन-चार मिनिटं पुष्कळ झाली. आणि बहुतेक घरांत ती मेहनतही लागत नाही, कारण किल्ली त्याच कपाटाच्या डोक्यावर असते.

तेव्हा पहिलं काम घरातला ऐवज कमी करणं. वीस तोळे तीन महिने घरात कशाला? लॉकर असेल तर लग्नाच्या चार दिवस आधी आणा, लग्नानंतर पहिल्या कामाच्या दिवशी परत ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे चोरी, आग, दरोडा किंवा बँकेच्या माणसाची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. पूर आणि भूकंप त्यात धरलेले नाहीत, म्हणून लॉकर निवडताना शाखा किती उंचावर आहे ते बघा आणि तळघरातला लॉकर घेऊ नका. रोकड मात्र लॉकरमध्ये ठेवू नये. करारात तशी मनाई असते.

रोकडीचं म्हणाल तर हॉलवाला, केटरर आणि सोनार यांना चेकने किंवा यूपीआयने द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे सोनार रोखीला तयार असला तरी तुम्ही टाळा. घरात रोख किती ठेवावी याला कायद्याची मर्यादा नाही, पण आली कुठून ते सांगता यायला हवं. बँकेतून काढल्याची पावती जपा. एवढं केलं की घरात लागतील ते पन्नास-साठ हजार, आहेर आणि मजुरीपुरते.

तरी तुमचा आकडा धरूनच माप घेऊ. पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर. शंभर नोटांची गड्डी सेंटीमीटरभर जाड, म्हणजे पन्नास हजार. दोन लाख म्हणजे चार गड्ड्या, एका छोट्या जेवणाच्या डब्याएवढी जागा. माणसं दोन लाखांसाठी भिंत फोडायला निघतात, तशी काही गरज नसते.

एवढी जागा तुमच्या घरात बहुधा आधीच आहे, ती म्हणजे ड्रॉवरच्या मागे. सुताराने केलेल्या कपाटाची आतली खोली साधारण २२ इंच असते, पण ड्रॉवरला १८ इंचांचं चॅनल, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती लोखंडी पट्टी, लावलेलं असतं. मागे चार इंच रिकामे राहतात. आधी टेपने दोन्ही मापं घ्या. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की चॅनलवर दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकची जीभ दिसते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबून ड्रॉवर सरळ ओढला की सुटतो. दोन्ही एकाच दिशेला दाबायला गेलात तर अडकतो, मग लोक जोर लावतात आणि चॅनल वाकतं.

आता नुसता डबा मागे ठेवू नका. चोर ड्रॉवर ओढून उलटा करतो आणि रिकाम्या खाचेत टॉर्च मारतो. तिथे त्याला कपाटाची पाठ दिसली पाहिजे. ६ मिलिमीटरचं प्लाय घ्या, त्याला कपाटाच्या आतल्या रंगाचंच लॅमिनेट, आणि खाचेच्या रुंदी-उंचीपेक्षा दोन-दोन मिलिमीटर कमी कापा. खऱ्या पाठीपुढे साडेतीन इंचांवर दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाच्या लाकडी पट्ट्या ठोका, त्यांवर दारांना लावतात ते मॅग्नेट कॅच बसवा आणि प्लायच्या मागच्या बाजूला त्यांच्या लोखंडी चकत्या. प्लाय दाबलं की चिकटतं. काढायला बोट घालण्याची खाच ठेवू नका, तीच चुगली करते. काचा उचलायचं रबरी सक्शन दुकानात मिळतं, ते लावून ओढा. गुळगुळीत लॅमिनेटवर चिकटतं, खरखरीतवर नाही, म्हणून लॅमिनेट घेतानाच हात फिरवून बघा. एकावर एक तीन ड्रॉवर असतील तर तिन्हींमागे सारखंच प्लाय लावा. एकाच खाचेची खोली कमी दिसली तर ते डोळ्यात भरतं. वरच्या खोलीतलं कपाट निवडा, पाण्याचा प्रश्नच मिटतो. सुताराकडून प्लाय मापात कापून आणा, बसवा मात्र स्वतः. ज्याने चोरकप्पा केला त्याला तो माहीत असतो, आणि तो आणखी दहा घरांत काम करतो.

दागिने थोडे दिवस का होईना घरात राहणार असतील, तर त्यांना तिजोरीच हवी. बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी दहा-पंधरा किलोची असते. भिंतीला न बांधता ती कपाटात ठेवणं म्हणजे चोराला सगळा ऐवज एकाच पेटीत भरून देणं. तो काखेत मारून नेतो आणि घरी निवांत फोडतो. पेटीच्या पाठीत किंवा तळात भोकं असतात, ती शोभेची नाहीत. ९ इंची विटांच्या भिंतीला १० किंवा १२ मिलिमीटरचे, चार इंच लांबीचे अँकर, म्हणजे आवळले की भोकात फुगून बसणारे बोल्ट, लावा. साडेचार इंची पडदी चालणार नाही, आणि आरसीसीच्या खांबाला किंवा बीमला भोक पाडू नका. भोक विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात नको. प्लास्टरची जाडी पाऊण-एक इंच असते आणि ती वजन घेत नाही, म्हणून ती सोडून वीट किती मिळते ते मोजा. ड्रिल केल्यावर भोकातली भुकटी फुंकून काढा. ती राहिली की अँकर आवळताना नुसता गरगर फिरतो, आणि मग कारागीर "बसला, बसला" म्हणून निघून जातो. बसला का हे बघायचं सोपं आहे: पेटी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा, केसभरही हलता कामा नये. तिजोरी आणि भिंत यांच्यामध्ये कपाटाची पातळ पाठ राहिली तर ती दबते आणि सैल पडते, म्हणून तेवढा तुकडा कापून काढा. जागा कोपऱ्यातली घ्या, दोन बाजूंना भिंत असली की कटावणी घालायला फट उरत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या चुन्याच्या भिंतींत फुगणारा अँकर वीट चिरतो. तिथे केमिकल अँकरच, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला, लागतो. तुमचं टेनामेंट सिमेंटचं असणार, त्यामुळे ती भानगड नाही.

कुलूप किल्लीचं की आकड्यांचं? घरात पंचाहत्तरीची माणसं असताना मी किल्लीच सुचवेन. आकडेवाली घेतलीत तर कारखान्यातून आलेला नंबर पहिल्याच दिवशी बदला, नवा नंबर जन्मतारीख नको. आणीबाणीची किल्ली तिजोरीच्या आत ठेवायची चूक सर्रास होते. सेल संपले की मग सुटकेची किल्ली आत आणि माणसं बाहेर. सेल वर्षातून एकदा बदला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करता तेव्हाच बदलले तर विसरायला होत नाही. बसवल्यावर आईंना दिवे बंद करून एकदा उघडून बघायला सांगा. त्यांना अंधारात उघडता आली नाही तर ती तिजोरी त्यांच्या घरासाठी नाही.

आत ठेवण्याची रीतही महत्त्वाची. गड्डीला रबर लावू नका. मे महिन्यात ते वितळून नोटेला डिंकासारखं चिकटतं, आणि चांदीला लागलं तर काळा पट्टा उमटतो. कागदाची पट्टी गुंडाळा. नोटा झिपच्या पिशवीत भरायच्या तर कोरड्या दिवशी भरा. श्रावणातल्या दमट हवेत बंद केलेली पिशवी ओल आतच कोंडते. पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा भिंतीला टेकवू नका. वाळवी भिंतीवरून मातीची नळी करत येते. अंतर राहिलं तर नळी दिसते, टेकवलेल्या डब्यामागे दिसत नाही. डांबरगोळ्या नोटांत नकोत, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं.

तिजोरीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची शंभर ग्रॅमची पुडी ठेवा, पावसाळ्यात तिजोरी दर पंधरा दिवसांनी उघडा. आगीपासून वाचवणारी तिजोरी घेतलीत तर हे सक्तीचंच समजा, कारण तिच्या भिंतींतल्या भरावातच ओल असते. पण नथ, तन्मणी, चिंचपेटी असले मोत्यांचे दागिने जेलच्या शेजारी ठेवू नका, फार कोरड्या हवेत मोत्यांना चिरा जातात. ते धुतलेल्या मलमलीत, वेगळ्या डबीत. चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, काळी पडते. आणि आतून लाखेचा भराव असलेले जुने दागिने उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगत नकोत.

एवढं करूनही नोटा भिजल्या तर ओली गड्डी सोलू नका, सावलीत वाळू द्या, मग सुट्या करा. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा असेल तर बँक पूर्ण किंमत देते, ४० ते ८० टक्क्यांना अर्धी, त्याखाली काही नाही. जळून भुगा व्हायला आलेल्या नोटा शाखेत घेत नाहीत, त्यांच्यासाठी अहमदाबादचं रिझर्व्ह बँकेचं कार्यालय.

आता माणसांबद्दल. जागा दोघांना माहीत हवी, एकाला नको आणि पाचांना नको. जुनी गादी, बूट, रद्दी, फुटका कुकर असल्या घराबाहेर जाऊ शकणाऱ्या वस्तूत कधीही काही लपवू नका. दागिन्यांची यादी करा: वजन, बिल, फोटो, आणि नव्या दागिन्यांवरचा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक, एचयूआयडी. चोरी झाली तर फिर्यादीत आणि विम्याला हेच लागतं. यादी भावाकडे किंवा बहिणीकडे, तिजोरीत नाही. आणि रोजच्या कपाटाच्या लॉकरमध्ये चार-पाच हजार आणि जुने नकली दागिने राहू द्या. घाईतल्या माणसाला काहीतरी हाती लागलं की तो निघतो. घरात असताना कोणी धाक दाखवून मागितलं, तर आई-वडिलांनी ते मुकाट्याने द्यावं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या तीन महिन्यांत नवरात्र येतंय. गरब्याला मध्यरात्रीपर्यंत अख्खी सोसायटी मैदानावर असते. बाहेरून कडीला मोठं टाळं लटकवू नका, दाराच्या आतलं लॅच लावा, वरच्या खोलीत एक दिवा आणि रेडिओ चालू ठेवा. दागिने जानेवारीपर्यंत राहिले तर उत्तरायण, म्हणजे संक्रांतही लक्षात घ्या. त्या दिवशी सगळे गच्चीवर आणि खालचं दार सताड उघडं असतं. खालून कुलूप लावून वर जा आणि गच्चीच्या दाराची किल्ली पतंगांच्या गडबडीत कठड्यावर विसरू नका.