विंडोज १० चा लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी, त्यावर विंडोज ११ चढत नाही. पहिल्यांदाच लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

लिनक्स मिंट घ्या. रॅम ४ जीबी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. ८ जीबी असती तर सिनॅमन सांगितली असती. दोन्हींचा गाभा एकच, फक्त एक्सएफसीई हलकी आहे.

हे मी माझ्या आत्याच्या लॅपटॉपवरून सांगतोय. ती इंदूरला रामबागेत राहते. लॅपटॉप २०१५ चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट बंद झाले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला, "अरे, हा आता टाकून द्यायचा का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो तिच्याकडे नाही. बाकी कीबोर्ड, स्क्रीन सगळं धडधाकट. असं यंत्र भंगारात जाताना मला बघवत नाही.

मिंटच का, तर डावीकडे खाली मेनू, उजवीकडे खाली घड्याळ, खिडकी बंद करायची फुली वर उजव्या कोपऱ्यात. आत्याचा हात जिथे जायचा तिथेच सगळं सापडलं. मिंट हे उबुंटू या दुसऱ्या प्रसिद्ध लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बांधलेलं असतं, त्यामुळे उबुंटूसाठी सांगितलेले बहुतेक उपाय इथेही चालतात. नवख्या माणसाला ही मोठी सोय आहे, कारण पहिल्या महिन्यात तुम्ही काही ना काही शोधत बसणारच. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे दर सहा महिन्यांनी नवं काही चढवायची कटकट नाही.

आता एक गोष्ट, जी मला कोणतं लिनक्स घ्यावं यापेक्षाही महत्त्वाची वाटते. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर थोडे पैसे घालून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. आम्ही सिल्व्हर मॉलमधून आणली. जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी काढून कपाटात ठेवली आणि मिंट कोऱ्या एसएसडीवर चढवलं. त्यामुळे "माझं सगळं पुसलं गेलं तर?" ही आत्याची धास्तीच संपली. नको वाटलं तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवायची. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवता येतात, पण इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" हा पर्याय अगदी जवळच असतो. पहिल्याच खेपेला तो धोका कशाला पत्करायचा?

त्या जुन्या डिस्कवरून फाइली आणताना मात्र माझा अर्धा दिवस गेला. डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीला लावली, फाइली वाचता येत होत्या, पण हलवता किंवा खोडता येईनात. कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज शट डाउन केलं तरी ते डिस्क पूर्ण मिटत नाही, अर्धवट झोपवून ठेवतं, आणि लिनक्स अशा डिस्कवर काही लिहायला तयार होत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर फाइली बिघडतील. तुम्ही विंडोज शेवटचं बंद कराल तेव्हा शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे ते खरोखर बंद होतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा.

मराठी टायपिंगचं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आत्याच्या भजनी मंडळाची सगळी भजनं जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकल्यावर ती भजनं लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं सॉफ्टवेअर) नीट उघडली आणि छापताही आली. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं होतं. म्हणून नवं सगळं युनिकोडमध्ये. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इन्स्क्रिप्टही (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) मिळतो आणि उच्चारानुसार टाइप करायची मांडणीही मिळते. आत्याने इन्स्क्रिप्ट घेतला. "विठ्ठल" लिहिताना ठ, मग डीच्या कळीवर पाय मोडायचा, मग पुन्हा ठ. पहिल्या दिवशी एका अभंगाला तासभर लागला. पंधरा दिवसांत कीबोर्डकडे न बघता ळ यायला लागला.

टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांवर तुमचं पोट असेल तर विंडोज सोडू नका. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनतच नाहीत. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची वाइन नावाची सोय आहे, पण रोजच्या हिशेबाचं काम मी तिच्या भरवशावर टाकणार नाही. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासा.

बाकीची नावं तुम्ही ऐकली असतीलच. झोरिन दिसायला देखणं आहे, तेही घेतलंत तर चुकणार नाही. उबुंटू उत्तम, पण ४ जीबीला जड. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, ते दुसऱ्या वर्षी बघा. काली हे सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, घरच्या वापराचं नाही. आर्च शिकायला फार सुंदर, पण आत्ता नको.

काही खरेदी करण्याआधी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामाच घ्या. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवा, रूफस या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. बूट मेनूसाठी (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायला) बहुतेक ठिकाणी एफ १२ किंवा एफ ९ लागतं. डिस्कला हात न लावता अख्खं मिंट समोर येतं. त्यात वाय-फाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, प्रिंटर लावून एक पान खरंच छापून बघा, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का ते बघा. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, ते इथेच कळेल. वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. आत्याच्या लॅपटॉपला तिथूनच ड्रायव्हर मिळाला, पाच मिनिटांत.